परक्या गावात धावायला जाताना

घरी असताना रोज पहाटे नेमाने फिरणारी, धावणारी माणसे प्रवासाला निघाली की बूट घरीच ठेवतात. रस्ते माहीत नाहीत, सोबत नाही, यजमान काय म्हणतील, अशी कारणे निघतात. पण थोडी काळजी घेतली तर परके गावही पायांना आपलेसे होते. रायपूरच्या शंकर नगरमधल्या चार पहाटांचा हा अनुभव, आणि त्यातून घेतलेले धडे.

"अगं, कुठे निघालीस एवढ्या पहाटे?"

"धावायला, आत्या."

"धावायला? इथे? तुला रस्ते तरी ठाऊक आहेत का?"

हातात रांगोळीचा डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या आत्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आतेभावाच्या लग्नासाठी मी आदल्या रात्री रायपूरला पोहोचले होते. मार्गशीर्षातली थंडी, घर पाहुण्यांनी भरलेले, दारात मांडव. अशा घरातून एक बाई ट्रॅक सूट घालून बाहेर पडते म्हणजे चर्चेला विषयच! पण गेल्या चार वर्षांत मला धावण्याची सवय लागली आहे आणि ती मोडू द्यायची नव्हती. "अर्ध्या तासात येते," असे सांगून मी फाटक उघडले. प्रत्यक्षात परतायला मला दीड तास लागला. ते का, हे पुढे येईलच.

सवय मोडते ती प्रवासातच

व्यायामाच्या सवयीचे एक गमतीचे गणित आहे. चार-सहा दिवस धावले नाही म्हणून शरीराचे फारसे काही बिघडत नाही. दम आणि ताकद लक्षात येण्याइतकी उतरायला साधारण दोन आठवडे लागतात. मोडते ती शिस्त. लग्नाचे चार दिवस, मग परतल्यावरचा थकवा, मग साठलेले धुणे, मग मुलांच्या परीक्षा! चार दिवसांचा खंड बघता बघता दोन महिन्यांचा होतो. म्हणून प्रवासात अंतर निम्मे करावे, वेग विसरावा, पण बूट मात्र पायात चढवावेत.

दुसरा फायदा मनाचा आहे. गाडीत किंवा बसमध्ये दहा-बारा तास आखडून बसलेले अंग मोकळे होते, नव्या जागी न लागणारी झोप दुसऱ्या रात्री शांत लागते. शिवाय एखादे गाव जागे होताना पाहायला मिळते. मोटारीच्या काचेतून दिसणारे शहर आणि पायांखालून जाणारे शहर यांत फार फरक असतो.

परक्या गावात धावण्याची आपली परंपराही काही आजकालची नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्या वेळी आपल्याकडचे धावपटू बहुधा अनवाणीच धावत. बोटीचा लांबचा प्रवास, परकी हवा, परके अन्न, अनोळखी रस्ते आणि शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्ध्या किलोमीटरहून अधिक! ते अंतर चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटांत कापले आणि १९वा क्रमांक मिळवला. त्यांच्यापुढे आपला अर्ध्या तासाचा फेरा म्हणजे काहीच नाही.

पहिला दिवस : तीन मांडव

शंकर नगर हा रायपूरचा बऱ्यापैकी मोकळा, झाडीचा भाग. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि या परिसरात मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे बंगले आले. आतल्या गल्ल्या पहाटे शांत असतात. मी खुशीत निघाले. एक डावे वळण घेतले, मग एक उजवे, मग एका कुत्र्याला टाळायला पुन्हा डावे. वीस मिनिटांनी परत फिरायचे ठरवले आणि लक्षात आले, की आपल्याला घराचा नंबर ठाऊक नाही! गल्लीचे नाव ठाऊक नाही! मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला आणि आत्याचा नंबर त्या मोबाईलमध्ये. हल्ली कोणाचाच नंबर पाठ नसतो ना!

एका फाटकावरच्या चौकीदाराला विचारले, "भैया, वो घर किधर है जहाँ शादी है?"

त्याने शांतपणे विचारले, "कौन-सी शादी, दीदी? इधर तो तीन मंडप लगे हैं."

तिन्ही मांडव पाहून झाले. पहिल्या मांडवात मला नाश्त्याचा आग्रह झाला, दुसऱ्यात वधूपक्षाकडची समजून नमस्कार झाले, तिसरा मांडव तर लग्नाचा नव्हताच, बारशाचा होता. शेवटी सायकलवरून वर्तमानपत्रे टाकणारा एक मुलगा भेटला. त्याने दोन क्षण विचार केला आणि म्हणाला, "मराठी माताजी? जो रोज दरवाजे पर रंगोली डालती हैं?" आणि त्याने मला थेट फाटकापाशी आणून सोडले. आत्याची रांगोळी पुरी होऊन वाळून गेली होती आणि वहिनी मला शोधायला स्कूटर काढत होती.

घरात हशा पिकला, पण माझे मला वाईट वाटले. मजा अंगावर आली नाही म्हणून तिला मजा म्हणायचे. रस्ता सुनसान असता, पाय मुरगळला असता, तर? मी कोण, कुठली, हे सांगणारा कागदाचा एक कपटाही माझ्याजवळ नव्हता. त्या दिवशी दुपारी बसून मी स्वतःसाठी काही नियम लिहून काढले. ते वाचकांच्याही उपयोगी पडतील.

बाहेर पडण्यापूर्वी

• यजमानांचा पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण आणि दोन फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मोबाईल असला तरीही ठेवा. त्याची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही. एखादा आजार, औषध किंवा ॲलर्जी असेल तर तेही त्याच चिठ्ठीवर लिहा.

• कोणत्या दिशेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरातल्या एकाला तरी सांगा. हॉटेलात उतरला असाल तर खाली स्वागतकक्षात सांगा आणि हॉटेलचे कार्ड बरोबर घ्या.

• पहिल्या दिवशी वळणे घेऊ नका. पंधरा मिनिटे सरळ जा आणि त्याच रस्त्याने पंधरा मिनिटांत परत या. किलोमीटर मोजू नका, घड्याळ पाहा. मैदान, बाग किंवा तलावाचा काठ मिळाला तर उत्तम; गोल वाटेवर माणूस चुकत नाही.

• रस्त्यावर धावायचे असेल तर उजव्या बाजूने धावा, म्हणजे वाहने समोरून येतात आणि आपल्याला दिसतात. कपडे फिकट किंवा भडक रंगाचे असावेत. कानांत गाणी नकोत. परक्या गावात कान हा तिसरा डोळा असतो.

• अंगावर दागिने नकोत. पन्नास-शंभर रुपये मात्र असू द्या. पाय दुखावला तर रिक्षाने परत येता येते.

• अंधारात निघू नका. जिथे आधीच फिरायला आलेली माणसे, विशेषतः बायका दिसतात, ती वाट आपली. अडचण आली तर ११२ हा नंबर देशभर चालतो.

कुत्र्यांविषयीही सांगायला हवे, कारण गल्लीतल्या कुत्र्यांना पाहुणा लगेच ओळखू येतो. कुत्रे अंगावर आले तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्यांचा स्वभावच आहे. थांबा, हात अंगाशी ठेवा, त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि ती शांत झाली की सावकाश मागे सरका. तरीही चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम ताबडतोब साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. "घरी परतल्यावर बघू" असे मुळीच करू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते; लस मात्र वेळेवर घेतली तर धोका टळतो.

दुसरा दिवस : तेलीबांधा

दुसऱ्या दिवशी वहिनीने वाट सांगितली. शंकर नगरमध्येच बीटीआयचे मैदान आहे, आणि जरा पुढे गेले की तेलीबांधा तलाव. या तलावाचा काठ बांधून काढला आहे आणि रायपूरकर त्याला कौतुकाने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. काठावर ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. परक्या माणसाला याहून चांगली खूण कुठली? मान वर केली की आपण कुठे आहोत ते कळते.

तिथे पोहोचले आणि भीती बरीचशी गेली. सुती साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या आजीबाई, कॉलेजच्या मुली, हात हलवत मोठ्याने हसणारे निवृत्त लोक, कान झाकणाऱ्या टोप्या घातलेली मुले, सारे एका दिशेने तलावाला फेरे घालत होते. कोणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. दोन फेऱ्यांनंतर एका बाईंनी आपणहून "राम राम" घातला. गाव आपले व्हायला कधी कधी तेवढे पुरते.

रायपूरला येणाऱ्या मुंबई-पुणेकरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. आपले घड्याळ देशभर एकच असले तरी सूर्य काही आपले ऐकत नाही. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आणि रायपूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला. त्यामुळे इथे मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उजाडते. थंडीत याचे काही वाटत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा इथला पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा मुंबईच्या सवयीने सात वाजता निघाल तर उन्हात सापडाल. उष्ण गावाच्या हवेला शरीर रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. चार दिवसांच्या पाहुण्याने तेवढे थांबायचे कुठे? म्हणून उन्हाळ्यात अंतर निम्मे करावे, धावताना शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवावा आणि चक्कर, मळमळ, थंडी वाजणे असे काही जाणवले तर तत्काळ सावलीत थांबावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोट घोट प्यावे.

थंडीतला त्रास वेगळा. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे लोखंडाचे कारखाने आहेत. हिवाळ्यात पहाटेची गार हवा जमिनीलगत थबकते आणि धूर, धूळ तिच्यातच अडकून राहते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी धुरके दिसत असेल तर जरा ऊन वर आल्यावर निघावे. हे केवळ रायपूरचे नाही, कारखान्यांच्या कोणत्याही गावाला लागू आहे.

परतताना मी कोपऱ्यावरून पोहे-जिलेबी बांधून घेतली. रायपूरकरांचा हा आवडता नाश्ता. तो पाहून आत्याने डोळे मोठे केले आणि जिलेबीचा एक तुकडा हळूच उचलला. "साखर आहे ना गं मला," ती म्हणाली आणि तुकडा परत ठेवला.

आत्याची गोष्ट

आत्या नागपूरची. लग्न होऊन रायपूरला आली त्याला चाळीस वर्षे होतील. नागपूरलाही एक शंकर नगर आहे, म्हणून माहेरचे लोक गमतीने म्हणत, "पोरगी एका शंकर नगरातून दुसऱ्या शंकर नगरात गेली." नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगडवर राज्य केले, पुढे १९५६पर्यंत हा सारा मुलूख नागपूरशीच एका प्रांतात जोडलेला होता. त्यामुळे इथे मराठी माणूस नवा नाही. 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच भूमीतले. आत्याने काकांबरोबर हे सारे शहर पालथे घातले होते. काका होते तोवर दोघे रोज बागेत फिरायला जात. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली, आणि आत्याचे फिरणे फाटकापाशी थांबले.

"डॉक्टर सांगतात, चाला. पण कोणाबरोबर जाऊ? मुलगा कामावर, सून कामावर," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "आणि आता या वयात साडी नेसून रस्त्याने एकटी फिरताना बरे दिसते का?"

मी तिला लताबाई करे यांची गोष्ट सांगितली. साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाई नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये उतरल्या. नऊवारी लुगडे, पाय अनवाणी. त्या ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली. आत्या काही बोलली नाही. पण रात्री तिने सुनेचे जुने बूट पायात घालून पाहिले.

तिसरा दिवस : माझी चूक

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी ई-रिक्षाने तलावावर गेलो. आत्या खुशीत होती. चालता चालता ती मला गाव सांगत होती. बुढा तलावाविषयी सांगितले. स्वामी विवेकानंद लहानपणी, १८७७ ते १८७९ या काळात, वडिलांच्या कामानिमित्त याच शहरात राहिले होते. तेव्हा रेल्वे इथवर आलेली नव्हती, बैलगाडीचा प्रवास होता. आज बुढा तलावाला त्यांचेच नाव आहे आणि मधोमध त्यांचा भव्य पुतळा आहे. "परतताना तिथेही जाऊ," ती म्हणाली. मला तर कौतुकच वाटत होते. "चल आत्या, अजून एक फेरी!" असे मी म्हटले, आणि तेच चुकले.

दुसरी फेरी निम्मी झाली तोच तिचे बोलणे तुटक झाले. कपाळावर घाम. डिसेंबरच्या थंडीत! हात थरथरत होते. "काही नाही गं, जरा गरगरतंय," म्हणत ती बाकावर बसली. मी घाबरून गेले. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी पाहिले आणि विचारले, "शुगर है क्या? गोली खाकर आई हैं?"

आत्याने मान हलवली. सकाळची गोळी घेतली होती, पण बाहेर जायच्या गडबडीत नाश्ता राहिला होता. मला ते विचारायचे सुचलेच नव्हते. बाईंनी पिशवीतून पुडी काढली आणि तीन चमचे साखर बाटलीतल्या पाण्यात विरघळवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग बिस्किटे खाल्ली. त्या बाईंनाही मधुमेह होता आणि त्या साखर बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

चालण्याने मधुमेह आटोक्यात राहतो हे सगळे सांगतात. पण चालण्याने रक्तातली साखर उतरते आणि काही गोळ्या व इन्सुलिन हेही तेच काम करतात. पोट रिकामे असेल तर दोन्ही मिळून साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम, थरथर, भूक, गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे. तेव्हा लगेच तीन चमचे साखर किंवा तेवढाच गोड रस द्यावा, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. आणि नवा व्यायाम सुरू करण्यापूर्वी गोळीची वेळ व मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. उत्साह चांगला, पण आपला उत्साह दुसऱ्याच्या शरीरावर लादू नये, हे मी त्या बाकावर शिकले.

घरी येताना मी आत्याची माफी मागितली. मला वाटले, आता ही पुन्हा बाहेर पडायची नाही. आत्या म्हणाली, "चूक माझीही आहे. गोळी मी घेते, तुला काय ठाऊक! पण त्या बाई किती छान होत्या, नाही? शंकर नगरमध्येच राहतात. इतकी वर्षे मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते."

चौथा दिवस

चौथ्या दिवशी परतीची गाडी होती. पहाटे मी एकटीच निघाले. खिशात चिठ्ठी, शंभराची नोट आणि साखरेची पुडी. वाट आता पाठ झाली होती. तलावावर त्या बाई भेटल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "माताजी कैसी हैं?" मी त्यांना आत्याचा नंबर दिला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. आत्याने डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली. नाश्ता करून, पिशवीत साखर ठेवून ती आठवड्यातून पाच दिवस त्या बाईंबरोबर तलावावर जाते. स्वतःचे बूट घेतले आहेत. परवा फोनवर म्हणाली, "पुढच्या वेळी आलीस ना, तर मी तुझ्याबरोबर येईन. तू हरवतेस गं."

तेव्हा वाचकहो, पुढच्या प्रवासाची बॅग भराल तेव्हा कोपऱ्यात बुटांना जागा ठेवा. आणि पत्त्याची चिठ्ठी लिहायला विसरू नका!